हातचा कुठे गेला?

प्रश्न : सर, एम.एस्सी.ला ग्रुप कोहोमॉलॉजी आहे. ‘कोसायकल भागिले कोबाउंडरी’ ही व्याख्या पाठ झाली, पण त्यातून नेमकं काय कळतं? माझ्या आईलाही समजेल असं सांगाल का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक रोड

उत्तर : आईला ते येतंच, फक्त नाव ठाऊक नाही.

रविवार कारंजाजवळ आमचं किराणा दुकान होतं. वडील पुडीच्या कागदावर बेरीज मांडायचे आणि हातचा बोटाच्या पेरावर अंगठ्याने दाबून धरायचे. चौथीत असताना एकदा मी गल्ल्यावर बसलो, गप्पांच्या नादात अंगठा सुटला आणि गिऱ्हाइकाकडून दहा रुपये कमी घेतले. रात्री कागद बघून वडील एवढंच म्हणाले, “हातचा कुठे गेला?”

तुझ्या कोहोमॉलॉजीत पहिली, दुसरी, तिसरी अशा पायऱ्या असतात; त्यातली दुसरी म्हणजे हाच प्रश्न. ० ते ९ हे एककाचे अंक घे. दहा झाले की पुन्हा शून्य, म्हणजे हा दहा जणांचा ग्रुप : बेरीज-वजाबाकी केली तरी आपण याच दहांत राहतो. दशकाचे अंकही तसेच, शंभर झाले की सोडून द्यायचे. दोन्ही ग्रुप शेजारी नुसते ठेवले तर ७ + ८ चे ५ उरतात आणि दहा हरवतात. हातचा १ दशकाकडे पोचवला की शंभराचा खरा ग्रुप उभा राहतो.

पण हातचा मनाला येईल तसा घेता येत नाही. ७, ५, ४ मिळव. आधी ७ + ५ : हातचा १; उरलेले २ + ४ : हातचा ०. आता उलट, आधी ५ + ४ : हातचा ०, मग ७ + ९ : हातचा १. कुठूनही सुरुवात केली तरी एकूण १. हा हिशेब जुळणं, हीच कोसायकलची अट. पुस्तकात ती चार पदांची असते म्हणून भीती वाटते.

आता कोबाउंडरी. आपण ‘एकोणतीस’ म्हणतो, म्हणजे तिसाला एक उणा. तसं ९ ऐवजी ‘उणे १’ लिहायचं ठरवलं तर ५ + ४ ला, जिथे हातचा नव्हता, तिथे १ येतो; ९ + ९ ला तो उणे १ होतो. हातच्यांचा तक्ता बदलला, पण ग्रुप तोच राहिला. नुसत्या लिहिण्याच्या पद्धतीमुळे पडणारा हा फरक म्हणजे कोबाउंडरी, म्हणून त्याने ‘भागायचं’, म्हणजे तेवढाच फरक असलेले तक्ते एकच धरायचे.

मग पद्धत बदलून हातचा पुरता घालवता येईल? नाही. तसं झालं असतं तर १ दहा वेळा मिळवून शून्य आलं असतं. १ कसाही लिही, दहा वेळा मिळवल्यावर एक दशक उरतोच.

गणितज्ञ श्रायर यांनी १९२६ मध्ये असेच तक्ते मांडले होते. आयलेनबर्ग आणि मॅक लेन या गणितज्ञांचं कोहोमॉलॉजीचं काम १९४० च्या दशकातलं. पहिली आणि तिसरी कोहोमॉलॉजी तूर्त बाजूला ठेव, दुसरी हाताला लागली की त्या जड जात नाहीत.

इथे खऱ्या अर्थाने वेगळे तक्ते दहाच. एक तू करून बघ : प्रत्येक हातचा दुप्पट लिही. ७ + ८ ला ५, हातचा २. अट मोडत नाही. मग १ मिळवत जा. शून्यावर यायला आता शंभर नाही, पन्नासच वेळा लागतील.