नक्की झाल्याशिवाय मदत मागू का?

ताई, वय 23. जन्मापासून मला मुलगा किंवा मुलगी जे म्हटलं जातं तेच मी आहे का, हा प्रश्न बरीच वर्षं पडतोय. काही दिवस एकदम स्पष्ट वाटतं, मग महिनाभर काहीच नाही, मग वाटतं हे सगळं नाटक तर नाही ना. जवळच्या मैत्रिणीला सांगितलं तर म्हणाली, आधी तुझं नक्की कर, मग बोलू. पैशांसाठी अजून घरच्यांवर अवलंबून आहे. नक्की झाल्याशिवाय मदत मागायचा मला हक्क आहे का?
– अधांतरी

अधांतरी, मैत्रिणीचा हेतू वाईट नसेल पण तिने उलटं सांगितलंय गं/रे (काय म्हणू ते पुढच्या पत्रात सांग, नाही सांगितलंस तरी चालेल). सगळं नक्की असतं तर निम्मा आधार लागलाच नसता! गोंधळ आहे तेव्हाच असं माणूस लागतं ज्याच्यासमोर आज एक आणि पुढच्या महिन्यात भलतंच बोललं तरी चालतं. आणि महिनाभर काही वाटलं नाही म्हणजे नाटक नव्हे, कुठलाच प्रश्न चोवीस तास डोक्यात राहत नाही, कामं असतात, कधी मनच थकून विषय बंद करतं. शेवटी तू ट्रान्स (जन्माच्या वेळी ठरवलं त्याहून वेगळं जेंडर असलेली व्यक्ती) आहेस असं कळेल, नॉनबायनरी (फक्त पुरुष किंवा फक्त स्त्री यात न बसणारी व्यक्ती) असं कळेल किंवा आहे तेच बरोबर होतं असंही, यात कुणाची फसवणूक झाली नाही.

मैत्रिणीला एकदा सरळ सांगून बघ, 'उत्तर नकोय, फक्त ऐक'. बऱ्याच जणांना आपल्याकडून काय हवंय तेच कळत नाही म्हणून ते निकाल मागतात. जमलं तर तिच्याशी बोलताना थोडे दिवस 'गेलो'चं 'गेले' किंवा उलट करून बघ, वेगळं नाव वापरून बघ, नाही पटलं तर परत पहिल्यावर, काही बिघडत नाही. औषधं, ऑपरेशन हे पूर्ण वेगळे निर्णय, त्यांची आत्ता घाई नाही.

काउन्सेलर शोधताना पैसे भरायच्या आधीच विचार: जेंडरच्या प्रश्नावर काम केलंय का, मला अजून माहीत नाही हे चालेल का, घरच्यांना काय सांगाल. चांगला काउन्सेलर तुला कुठल्याच बाजूला ढकलत नाही. 'बरं करून देतो' म्हणणाऱ्याकडे परत जाऊ नकोस, कारण बरं करायला हा आजारच नाही, जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मंजूर केलेल्या आणि 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात हा विषय मानसिक विकारांमधून काढून लैंगिक आरोग्याच्या भागात नेलाय. ऑनलाइन ग्रुपमध्ये आधी नुसतं वाचत रहा, खरं नाव फोटो नको. दोन ओळी वाचून 'तू अमुकच आहेस' सांगणारे भेटतील, मला त्यांचा जाम राग येतो, तो ग्रुप सोड.

स्वतःला इजा करावी असे विचार येत असतील तर यातलं काहीही शोधत बसू नकोस, आजच हेल्पलाइन किंवा डॉक्टर.

घरी सांगायचं मात्र थांबलीस-थांबलास तरी ते खोटं बोलणं नाही. सांगायचंच ठरवलंस तर बिनसलं तर त्या रात्री कुठे झोपायचं आणि हातात थोडे पैसे, एवढी सोय आधी करून ठेव. आणि लॅपटॉप घरातले सगळे वापरत असतील तर मला पाठवलेला मेल आत्ताच डिलीट कर, ट्रॅशमधूनसुद्धा.