जोडी जमली की नाही, हे कुठे बघायचं?

पडद्यावरच्या जोडीत खरी ओढ आहे की नाही, हे कशावरून ओळखायचं, असं तू विचारलंस म्हणून सांगते. जेन ऑस्टिनच्या कादंबरीवरची बीबीसीची १९९५ची मालिका ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ पुन्हा लाव. सहाच भाग आहेत. एलिझाबेथ झाली आहे जेनिफर एली आणि डार्सी झालाय कॉलिन फर्थ. सगळे तळ्यातून बाहेर आलेल्या, ओल्या सदऱ्यातल्या डार्सीबद्दल बोलतात. तू मात्र त्याच्या पुढचं बघ. एलिझाबेथ अचानक समोर दिसल्यावर हा गर्विष्ठ माणूस इतका गोंधळतो की घरच्यांची खुशाली दोनदा विचारतो. खरी गंमत तिथे आहे.

त्या काळात अविवाहित मुलगा-मुलगी एकमेकांना सहज हातही लावू शकत नसत. त्यामुळे नटांकडे उरतात डोळे, श्वास आणि दोघांतलं अंतर. नेदरफिल्ड या बंगल्यातल्या नाचात हात हाती येतो, सुटतो, आणि भांडण चालूच राहतं.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा प्रसंग पियानोचा. पूर्वी फसवू पाहणाऱ्या विकमचं नाव निघताच डार्सीच्या बहिणीची, जॉर्जियानाची, बोटं अडखळतात, एलिझाबेथ चटकन तिच्याजवळ जाऊन सावरून घेते, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून डार्सी एलिझाबेथकडे बघत राहतो. दोघांत संवाद नाहीच! तिचं उत्तरही नजरेतच. हा प्रसंग आवाज बंद करून बघ, आणि बाकीच्या प्रसंगांतही बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर लक्ष ठेव.

मग १९८०ची बीबीसीचीच मालिका बघ, एलिझाबेथ गार्वी आणि डेव्हिड रिंटूलची. तिथला डार्सी फार ताठ आहे. तो तुला भिडतो का, ते मला जरूर कळव.