जुनी कायेन टर्बो घ्यावी का?

प्रश्न: पोर्शे कायेन टर्बो बघितलीय, २००५ चं मॉडेल, ४.५ लिटर व्ही८, ४५० हॉर्सपॉवर. किंमत चक्क आवाक्यात आहे आणि चालवून आल्यापासून डोक्यातून जात नाहीये. बायको नको म्हणतेय. घेऊ का?

उत्तर: गाडी जबरदस्तच आहे हो, पण किंमत उतरली म्हणून खर्च उतरत नाही, पार्ट्स नि लेबर अजून महागड्या गाडीच्याच हिशोबाने लागतात. पहिलं विचारा की कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे, पाइप बदललेत का, कारण या इंजिनात इनटेक मॅनिफोल्डखाली (इंजिनात हवा नेणारा भाग) प्लॅस्टिकचे पाइप होते, उष्णतेने ठिसूळ होऊन ते तडकतात आणि कूलंट मागे गिअरबॉक्सच्या बाजूला ओघळतं, तेव्हा अॅल्युमिनियमचे टाकल्याचं बिल दाखवलं तर बरीच काळजी मिटली. इंजिन रात्रभर थंड ठेवून सकाळी तुमच्यासमोरच स्टार्ट करायला सांगा, आधीच गरम करून ठेवलं असेल तर सरळ दुसऱ्या दिवशी परत जा. टिकटिक आवाज आला तर सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून ओरखडे आहेत का बघून घ्या, निघाले तर विषय संपला, सोडून द्या. एअर सस्पेन्शन, म्हणजे गाडी तोलणारे हवेचे फुगे, गळत असेल तर सकाळी गाडीचा एखादा कोपरा बसलेला दिसेल. मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचं मधलं बेअरिंग जातंच, ते एवढं मोठं दुखणं नाही. पोर्शेवर हात बसलेला मेकॅनिक जवळ नसेल किंवा गाडी घेतल्यावर खात्यात काहीच उरत नसेल तर वहिनींचं ऐका. मेकॅनिक आहे, पैसे उरतायत, पाइपचं बिल पण आहे? मग घ्या बिनधास्त.