मुदत संपलेल्या रेलकार्डावर सवलतीचं तिकीट काढलं, आता रेल्वे कंपनीचं खटल्याचं पत्र आलंय. उत्तर काय लिहू?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं. तुम्ही लीड्सला मास्टर्स करताय. १६-२५ रेलकार्डाची (तरुणांना रेल्वे तिकिटात सवलत देणाऱ्या कार्डाची) मुदत संपली, पण तिकिटाच्या अ‍ॅपमध्ये कार्ड आधीच जोडलेलं असल्यामुळे एक तृतीयांश सवलत लागतच राहिली. मँचेस्टरच्या गाडीत तपासनिसाने कार्ड मागितलं. त्याने जागेवर दंड घेतला नाही, नाव-पत्ता लिहून घेतला, चार प्रश्न विचारले आणि वहीवर सही घेतली. आता कंपनीच्या खटला विभागाचं पत्र आलंय: तुमच्यावर कारवाईचा विचार चालू आहे, चौदा दिवसांत म्हणणं कळवा. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. पैसे पाठवून मोकळं व्हायचं, गप्प बसायचं, किंवा रूममेट सांगतो तसं ‘कार्ड घरी विसरलो होतो’ असं लिहायचं.

मी वकील नाही. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या विद्यार्थी सल्ला केंद्रात काम करतो आणि असली पत्रं नेहमी बघतो. ती घेऊन येणाऱ्यांत आपली मराठी मुलंही बरीच असतात.

आधी रूममेटचा सल्ला बाजूला ठेवा. कार्ड कधी काढलं, कधी संपलं, हे कंपनीला तपासता येतं. कार्ड खरंच चालू असेल आणि नुसतं जवळ नसेल, फोनची बॅटरी गेली असेल, तर वर्षातून एकदा नंतर कार्ड दाखवून तेव्हा भरावे लागलेले जास्तीचे पैसे परत मागता येतात. पण ती सोय चालू कार्डवाल्यांसाठी आहे. मुदत संपलेल्या कार्डाबद्दल ‘विसरलो’ लिहिलंत तर साध्या चुकीला तुम्ही स्वतःच्या हाताने लबाडीचा रंग द्याल. आणि सगळा खटला त्याच रंगावर अवलंबून असतो. कसा, ते सांगतो, कारण हे कळलं की पत्रात काय लिहायचं ते आपोआप कळतं.

कंपनीकडे साधारण दोन हत्यारं असतात. एक म्हणजे रेल्वेचे बायलॉ, म्हणजे पोटनियम, त्यातला १८ क्रमांकाचा. वैध तिकिटाशिवाय गाडीत चढलात की तो लागू. तुमच्या मनात काय होतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दुसरं म्हणजे १८८९ च्या रेल्वे नियमन कायद्याचं कलम ५(३). तिथे भाडं चुकवण्याचा हेतू होता हे सिद्ध करावं लागतं. दोन्हींत दंड जास्तीत जास्त एक हजार पौंड, पण १८८९ च्या कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. पहिल्यांदा सापडलेल्या विद्यार्थ्याला कोणी तुरुंगात टाकत नाही, तेव्हा झोप उडवू नका. पण कैदेची तरतूद असलेला गुन्हा पोलिसांच्या नोंदीत जाऊ शकतो, आणि ‘भाडं चुकवण्याचा हेतू’ हे शब्द नावापुढे लागले की पुढे नोकरीच्या अर्जात ते स्पष्ट करत बसावं लागतं.

म्हणून पत्र हातात घेऊन आधी हे बघा की त्यात यांपैकी कशाचा उल्लेख आहे. आणि हेही बघा की ते नुसतं ‘म्हणणं मांडा’ म्हणतंय की ती सिंगल जस्टिस प्रोसिजरची (एकच मॅजिस्ट्रेट कोर्टात सुनावणी न घेता कागदपत्रांवर निकाल देतो त्या पद्धतीची) नोटीस आहे. दुसरी असेल तर खटला सुरू झालेला असतो आणि गुन्हा कबूल की नाकबूल हे २१ दिवसांत कळवावं लागतं. तुमच्या वर्णनावरून तुमचं पत्र पहिल्या प्रकारचं, म्हणजे अजून तडजोडीला जागा आहे.

गप्प बसणं हा सगळ्यांत वाईट पर्याय. आपल्याकडे टीसीने पकडलं की भाडं आणि वर किमान २५० रुपये भरायचे, पावती घ्यायची, विषय तिथेच संपला. ती सवय डोक्यात असल्यामुळे मुलांना वाटतं की जागेवर दंड घेतला नाही म्हणजे सुटलो. इथे उलटं आहे. जागेवर पेनल्टी फेअर लावली असती तर (इंग्लंडमध्ये जानेवारी २०२३ पासून शंभर पौंड अधिक भाडं, २१ दिवसांत भरल्यास पन्नास अधिक भाडं) बहुधा तिथेच मिटलं असतं. तपासनिसाने ती न लावता टिपण घेतलं, याचा अर्थ प्रकरण वरच्या टेबलावर गेलं. उत्तर आलं नाही तर कंपनी तुमच्या गैरहजेरीतही निकाल मिळवू शकते. मग दंड, त्यावर ४० टक्के सरचार्ज, कंपनीचा खर्च आणि बुडालेलं भाडं, असं सगळं मिळून आकडा फुगतो.

आपणहून पैसे पाठवून देणंही चालत नाही. पत्रात रक्कम मागितलेली नसेल तर ते पैसे कशापोटी जमा झाले हे कोणालाच कळत नाही. तयारी दाखवायची, पैसे मागितल्यावर भरायचे.

आता उत्तर. इंग्रजीतच लिहायचं, एका पानाच्या आत, वर संदर्भ क्रमांक. मजकूर साधारण असा: अमुक तारखेला अमुक गाडीत माझ्याकडे सवलतीचं तिकीट होतं आणि माझ्या रेलकार्डाची मुदत अमुक तारखेला संपलेली होती, हे खरं आहे. अ‍ॅपमध्ये कार्ड जोडलेलं असल्यामुळे सवलत लागत राहिली आणि मुदत संपल्याचं माझ्या लक्षात आलं नाही. भाडं चुकवण्याचा हेतू नव्हता. कार्डाचं नूतनीकरण अमुक तारखेला केलं आहे, पावती जोडली आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. बुडालेलं भाडं आणि तुम्हाला झालेला वाजवी खर्च भरायला तयार आहे, आणि हे प्रकरण कोर्टाबाहेर मिटवण्याचा विचार करावा अशी विनंती आहे.

बस्स, एवढंच. आजीचं आजारपण, भारतातलं शिक्षणकर्ज, परीक्षेचा ताण यांनी तीन पानं भरू नका. खटला विभागात बसलेल्या माणसाने हे सगळं वाचलेलं असतं. व्हिसावर होणारा परिणाम एका वाक्यात सांगा, कारण तो खरा आहे, पण रडू नका. कंपनीला कायदा शिकवायलाही जाऊ नका. चॅटबॉटकडून घेतलेली कलमांची जंत्री पत्रात बघितली की मलाच धडकी भरते.

‘लक्षात आलं नाही’ हे वाक्य मात्र खरं असेल तरच लिहा. तपासनिसाला त्या दिवशी काय म्हणालात ते आठवा. ते त्याच्या वहीत आहे आणि खाली तुमची सही आहे. गडबडून ‘हो, माहीत होतं, पण आज घाई होती’ असं काही बोलला असाल तर पत्र लिहिण्याआधी सॉलिसिटरशी बोला.

याहून मोठी मेख जुन्या प्रवासांची आहे आणि तुम्ही प्रश्नात त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. अ‍ॅप सवलत ‘लावत राहिलं’ असं तुम्ही म्हणता, म्हणजे मुदत संपल्यावर तुम्ही एकदाच प्रवास केला नसणार. कंपन्या तिकीट विकणाऱ्यांकडून खरेदीचा इतिहास मागवतात आणि मग एका तिकिटाचं प्रकरण पंधरा तिकिटांचं होतं. तेव्हा पत्राला हात घालण्याआधी अ‍ॅप उघडून स्वतः मोजा. ‘हे पहिल्यांदाच घडलं’ असं सवयीने लिहून टाकू नका. ते खोटं निघालं तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसत नाही. उलट, विचारलेलं नसताना सगळ्या तिकिटांची यादी जोडून द्यायलाही मी सांगणार नाही. पाच-सहाच्या वर आकडा गेला तर एका तासाच्या सॉलिसिटरचे पैसे मोजा, तिथे काटकसर नको.

तडजोड होईलच अशी खात्री नाही. कंपनीवर तशी सक्ती नाही. पण हवा थोडी बदलली आहे. २०२४ मध्ये, ठरावीक वेळेत रेलकार्डावर किमान १२ पौंडांचं तिकीट लागतं हा नियम न कळल्याने दोन-चार पौंड कमी भरलेल्या प्रवाशांवर खटले भरले जात असल्याचं गाजलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट कोर्टाने चुकीच्या पद्धतीने चालवलेले रेल्वेचे खटले रद्दबातल ठरवले, आणि अशा खटल्यांची संख्या ७४ हजारांच्या घरात सांगितली गेली. १८८९ च्या कायद्याखालचे गुन्हे सिंगल जस्टिस प्रोसिजरने चालवताच येत नव्हते, तरी कंपन्या चालवत होत्या! मग सरकारने रेल्वे नियामकाला चौकशी करायला सांगितलं आणि जून २०२५ मध्ये अहवाल आला. खटल्यांच्या वापरात सुसूत्रता आणि न्याय्यपणा हवा, असं त्यात म्हटलंय. पत्रात याचा हवाला द्यायची गरज नाही, पलीकडच्यांना ते माहीत आहे.

व्हिसाबद्दल: कोर्टाबाहेर मिटलं तर गुन्हा सिद्ध झाल्याची नोंद होत नाही. सिद्ध झाला तर पुढच्या व्हिसा अर्जात तो सांगावा लागतो, दंड कितीही लहान असो. लहानशा दंडापेक्षा तो लपवणं कितीतरी महागात पडतं. अर्जातला प्रश्न शब्दशः वाचा आणि तेवढ्याचंच खरं उत्तर द्या.

आणखी एक, पत्ता. सप्टेंबरात घर बदललेल्या मुलांची पत्रं जुन्या घरी जाऊन पडतात. तुम्ही घर बदलणार असाल तर उत्तरात नवा पत्ता आणि ईमेल द्या, उत्तर ईमेलने आणि रॉयल मेलच्या साइन्ड फॉरने (सही घेऊन पोचवणाऱ्या टपालाने) अशा दोन्ही मार्गांनी पाठवा, पावती जपून ठेवा. निकाल परस्पर लागल्याचं उशिरा कळलं तर कळल्यापासून २१ दिवसांत कोर्टात शपथेवर तसं सांगून प्रकरण पुन्हा उघडता येतं. पण ती धावपळ कशाला?

मसुदा तयार झाला की तो इथे प्रतिक्रियेत टाकू नका, तुमचा कबुलीजबाब कोणीही वाचू शकेल. तुमच्या विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेत सल्ला केंद्र असेल, नसेल तर सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस ही सल्ला देणारी संस्था आहे. दोन्ही फुकट. चौदा दिवस पत्रावरच्या तारखेपासून मोजतात की हातात पडल्यापासून, ते पत्रातच बघा, आणि भेटीची वेळ उद्याच मागा.