मंत्रिपद सोडून महापालिकेत गेलेला माणूस आणि आपली लेक

सप्रेम नमस्कार,

आपलं पत्र दोनदा वाचलं. मुलगी पुण्यात स्पॅनिश घेऊन बी.ए. करते आहे. प्रकल्पासाठी तिनं पेरूच्या राजधानीचे, लिमाचे, माजी महापौर लुईस बेदोया रेयेस यांच्यावर लिहिलं आणि तेव्हापासून ‘मला शहराच्या कारभारातच काम करायचंय’ असं म्हणते आहे. आपण विचारलंय, एवढी हुशार पोर दिल्लीचा विचार सोडून गटारं नि कचऱ्यात कशाला अडकवायची?

महापालिका म्हणजे खालची पायरी, हे आपण धरूनच चालला आहात. ते मला मान्य नाही. बेदोयांचंच उदाहरण घ्या.

1963 च्या जुलैत पेरूत बेलाउंदे अध्यक्ष झाले आणि चव्वेचाळीस वर्षांच्या बेदोयांना न्यायमंत्रिपद मिळालं. काही महिन्यांतच ते सोडून ते लिमाच्या महापौरपदाच्या निवडणुकीत उतरले. त्याआधी कित्येक दशकं पेरूत महापौर वरूनच नेमले जात. 1948 साली उठाव करून सत्ता बळकावणारे जनरल ओद्रिया यांच्या पत्नी समोर उभ्या होत्या. बेदोया जिंकले, 1966 साली पुन्हा निवडून आले आणि 1969 अखेरपर्यंत त्या खुर्चीवर राहिले.

त्यांचं मोठं काम म्हणजे शहराच्या मध्यापासून दक्षिणेकडे जाणारा, जमिनीच्या पातळीखाली खोदलेला द्रुतगती रस्ता. 1965 साली लिमातली ट्राम बंद झाली होती, शहर भराभर वाढत होतं. रस्ता खोल खणलेला, म्हणून लोक त्याला ‘सान्होन’ म्हणू लागले, म्हणजे मोठा चर. आज त्या रस्त्याला बेदोयांचं नाव आहे आणि 2010 पासून त्याच्या मधोमध स्वतंत्र मार्गिकेतून मेट्रोपोलितानोच्या बस धावतात. पन्नास वर्षांनीही शहराच्या उपयोगी पडणारं असं काम किती मंत्र्यांच्या हातून होतं?

राष्ट्रीय राजकारणातही ते कमी नव्हते. 1966 साली त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. 1978 च्या घटना समितीत 100 पैकी 25 जागा मिळवून तो दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष ठरला. मात्र 1980 आणि 1985 अशा दोन्ही वेळा अध्यक्षपदाच्या निवडणुकीत बेदोया तिसरे आले. तेव्हा ‘आधी शहर, मग देश’ अशी शिडी मुलीला दाखवू नका. त्यांनाही ती चढता आली नाही. शहर चालवणं हे स्वतंत्र कसब आहे, आणि तिला ते हवंय.

आता एक फरक तिला नीट समजावून द्यावा लागेल. लिमात महापौर हाच कारभाराचा प्रमुख. आपल्याकडे महापौरापेक्षा आयुक्ताच्या हाती अंमलबजावणीचे अधिकार जास्त, आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. तिला रस्ता प्रत्यक्ष घडवायचा असेल तर प्रशासनात जावं: एमपीएससीतून नगरपरिषदेची मुख्याधिकारी होता येतं, यूपीएससीतून आयुक्तपदापर्यंत पोचता येतं. नकाशे आणि वाहतूक आवडत असेल तर पदवीनंतर नगर नियोजनाचा अभ्यासक्रम आहे. आणि निवडूनच यायचं असेल तर महापालिकेला वयाची अट 21 वर्षांची आहे आणि निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. पण नगरसेवकाच्या मानधनावर घर चालत नाही, हे मी तिला स्पष्ट सांगेन. बेदोया सान मार्कोस विद्यापीठात कायदा शिकलेले वकील होते. पद असो वा नसो, पोटापाण्याचा व्यवसाय हाताशी होता. तसं काहीतरी तिच्याकडेही हवं.

निवडणुका थांबूही शकतात. 1968 साली पेरूत लष्करानं सत्ता घेतली आणि बेदोयांची मुदत संपल्यावर 1980 पर्यंत लिमाचे महापौर सरकारच नेमत राहिलं. कारण अगदी वेगळं, पण 2022 पासून काही वर्षं आपल्याही महापालिका प्रशासकांच्या हाती होत्या. फक्त निवडणुकीची वाट बघत बसणाऱ्याची अशा वेळी उमेदीची वर्षं जातात. म्हणून आधी शिक्षण, मग उमेदवारी, असं माझं मत.

तिला या वर्षी एवढंच करू द्या. पुणे महापालिकेचं अंदाजपत्रक घेऊन आपल्या प्रभागात कोणत्या कामाला किती रक्कम धरली आहे ते शोधायचं, आणि त्यातलं एक काम, साधं ड्रेनेजचं का असेना, निविदेपासून बिलापर्यंत पाहायचं. क्षेत्रीय कार्यालयात खेपा होतील, कधी कुणी धड बोलणारही नाही. त्यानंतरही तिची ओढ टिकली, तर आपण अडवू नये अशी माझी मनापासून विनंती आहे. आणि स्पॅनिश सोडू देऊ नका. लॅटिन अमेरिकेतल्या शहरांनी बस, पाणी, वस्त्या यांवर खूप काम केलंय, आणि ते मुळातून वाचू शकणारे आपल्याकडे फार थोडे आहेत.

दिवाळीनंतर दोघंही भेटायला या. येताना तिनं खुणा केलेलं अंदाजपत्रक सोबत असू द्या, आपण तिघं मिळून ते वाचू.