काळं करडू कुणाचं?

प्रश्न : मुलगी टेक्सासमध्ये नायजेरियन ड्वार्फ शेळ्या पाळते. शेळी सोनेरी, बोकड सोनेरी, पण दोन करडांतलं एक काळंभोर! शेजारचा काळा बोकड कुंपण ओलांडून आला असेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, त्या बोकडावर एवढ्यात आळ घेऊ नका. (बोकडांचा भरवसा नसतो, हे मात्र खरं.) रंगाची मुख्य किल्ली ‘अगूटी’ या जनुकाकडे असते. त्याच्या अनेक रूपांत पांढरा-सोनेरी सगळ्यांवर वरचढ, साधा काळा सर्वांत दबका. करडाला एक रूप आईचं मिळतं, एक बापाचं. दोघांनीही काळा लपवून ठेवला असेल, तर 4 करडांत 1 काळं निघण्याची शक्यता असते. आमच्या पांढऱ्या संगमनेरी कळपात असंच झालं होतं. वडिलांनी शेळ्या राखणाऱ्या पोराला उगाच फैलावर घेतलं.

आता डोळे बघा. या जातीत निळे डोळे वरचढ असतात. करडाचे निळे आणि आईबापांचे तपकिरी असतील, तर शेजाऱ्याकडे संशयाने बघायला हरकत नाही. तरीही खात्री हवीच असेल, तर केसांच्या मुळांवरून डीएनए चाचणी होते.