मुंबईचं ताज हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं हे खरं आहे का? आणि २६/११ नंतर जुनं पाडून नवीन बांधलं का?

दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर नाही असं आहे. तेवढ्यावर थांबलो असतो, पण पहिल्या प्रश्नावरून आमच्या घरात बरीच वर्षं वाद चालू आहे आणि तो मला एकदा लेखी मिटवायचा आहे.

तुम्ही ऐकलेला किस्सा असा असणार: गोऱ्या आर्किटेक्टने नकाशे करून दिले आणि तो विलायतेला निघून गेला. परत येऊन बघतो तर इथल्या लोकांनी नकाशा उलटा धरून हॉटेल बांधलेलं, तोंड गावाकडे आणि पाठ समुद्राकडे. धक्का बसून त्याने वरून उडी घेतली. निव्वळ थापा आहेत.

ताजचे मूळ नकाशे करणारा माणूस गोरा नव्हताच. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य असं त्यांचं नाव. व्हीटी स्टेशन, म्हणजे आजचं सीएसएमटी, ज्यांनी उभारलं त्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या हाताखाली काम केलेला माणूस. जोडीला डी. एन. मिर्झा. काम चालू असतानाच वैद्य आजाराने वारले आणि उरलेलं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने पुरं केलं. हॉटेल उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला. पुढच्याच वर्षी मे महिन्यात जमशेटजी टाटा गेले, म्हणजे मालकालाही ते जेमतेम पाच महिने बघायला मिळालं.

आता किस्सा पुन्हा वाचा. त्यात नकाशा काढणारा शहाणा इंग्रज आहे आणि तो उलटा धरणारे अडाणी देशी लोक आहेत. प्रत्यक्षात नकाशा देशी माणसाने काढला आणि इंग्रजाने तो पुढे नेला. किस्सा रचणाऱ्याने भूमिकांची अदलाबदल केली, आणि आपण शंभर वर्षं तो हसत हसत पाहुण्यांना सांगतोय. माझा राग त्यासाठी आहे.

तोंड गावाकडे का, याचं कारण अगदी साधं आहे. १९०३ साली गेटवे नव्हता. पंचम जॉर्ज १९११ मध्ये अपोलो बंदरावर उतरले तेव्हा त्यांच्या स्वागताला पुठ्ठ्याची कमान उभी केलेली होती. आज दिसतो तो दगडी गेटवे १९२४ चा, आणि त्याखालची जमीनसुद्धा भराव टाकून केलेली. हॉटेलात येणारा माणूस घोडागाडीतून यायचा, तो गावाच्या अंगाने. म्हणून दरवाजा तिकडे, जिथे आता पोहण्याचा तलाव आहे. आणि समुद्राचा देखावा पोर्चला देऊन काय करायचंय? तो पैसे मोजून राहणाऱ्याच्या खोलीला द्यायचा. ज्याने एकदा तरी प्लॅन मांडलाय त्याला हे सांगावं लागत नाही. समुद्राची बाजू दर्शनी वाटायला लागली ती पुढे गेटवे झाला, तिथे गर्दी जमायला लागली आणि सगळ्यांचे फोटो त्या बाजूने निघायला लागले म्हणून.

माझा आणि या विषयाचा संबंध सांगतो. मी आयुष्यभर ड्राफ्ट्समन होतो. फोर्टातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात शिकलो, तिथे एक सीनियर होते, त्यांना सगळे नाना म्हणायचे. टी-स्क्वेअर कसा धरायचा इथपासून मला त्यांनी शिकवलं. ऑफिसकडे एका सभागृहाचं काम आलं. साहेबांनी क्लायंटसमोर कागदावर चार रेघा ओढल्या. बाकी सगळं नानांचं. बाल्कनीचा उतार असा काढला की शेवटच्या रांगेतल्या बुटक्या माणसालाही स्टेज दिसावं, आणि जिन्याची पायरी म्हाताऱ्यांना झेपेल अशी. त्यासाठी मोजपट्टी घेऊन ते दुसऱ्या थिएटरांचे जिने चढून आले होते. मी बरोबर होतो, टोक मी धरायचो.

बांधकाम प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, वर आलं आणि नाना वारले. उद्घाटनाला कोनशिलेवर ट्रस्टींची नावं होती, मंत्र्यांचं होतं, साहेबांचं होतं. मी साहेबांना विचारलं, नानांचं? ते म्हणाले, "नकाशावर सही माझी आहे."

बरं, सही तुमची. पण नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली टायटल ब्लॉक असतो, त्यात 'ड्रॉन बाय'चा रकाना असतो आणि त्यात ज्याने काढलं त्याची आद्याक्षरं असतात. पुढे त्याच सभागृहाच्या दुरुस्तीसाठी मूळ ट्रेसिंग्ज, म्हणजे पारदर्शक कागदावर शाईने काढलेले नकाशे, बाहेर काढली तेव्हा मी तो रकाना शोधला. रिकामा होता. ट्रेसिंग पेपरवरची शाई ब्लेडने खरवडून काढता येते, हे आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. पण खरवडलेल्या जागी कागदाची चकाकी जाते. लाइट टेबलवर, म्हणजे खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर, धरला की तिथे पांढरट, धुरकट ठिपका दिसतो. प्रत्येक शीटवर, त्याच रकान्यात, तो ठिपका होता. अमोनिया प्रिंटमध्ये, म्हणजे ट्रेसिंगवरून काढलेल्या कॉपीत, मात्र काहीच दिसत नाही, आणि साइटवर प्रिंटच जाते.

तर आमचे दाजी. माणूस चांगला, पाहुणचाराला मोठा. ताईच्या सासरकडचं कोणी मुंबईत आलं की त्यांना गेटवेला न्यायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय. असंच एकदा मीही बरोबर होतो. कबुतरं, फोटो, लाँचवाल्यांची हाकाटी, आणि दाजींनी ताजकडे हात करून सुरू केलं, "तुम्हाला माहीत आहे का, हे हॉटेल उलटं आहे?" मी मध्येच तोडलं. वैद्यांचं नाव सांगितलं, आणि सगळ्यांना वळसा घालून मागच्या रस्त्याला घेऊन गेलो. पोरं कुरकुरत होती, ऊन होतं, तरी नेलं. इमारतीचे दोन हात गावाच्या बाजूला कसे पसरलेत, गाडी कुठून आत आली असती, ते हाताने दाखवलं. पाहुण्यांतल्या एका आजोबांनी मान डोलावली. दाजी परत येताना म्हणाले, "अरे, नाव कुणाचं का असेना, किस्सा सांगितला की माणसं खूश होतात. तुझ्या वैद्यांनी कोण खूश होणार?"

त्यावर मी तेव्हा जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण मत तेच आहे. ज्याने काम केलं त्याचं नाव पुसून तिथे मजेदार गोष्ट बसवणं हे ब्लेडने खरवडण्यासारखंच आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री चार दहशतवादी ताजमध्ये शिरले आणि २९ च्या सकाळपर्यंत ते चाललं. घुमटाखालून निघणारा धूर सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिला, त्यामुळे हॉटेल नष्ट झालं असं अनेकांच्या डोक्यात बसलंय. वरचे मजले वाईट जळाले हे खरं, पण इमारत पडली नाही आणि कोणी पाडलीही नाही. शेजारचा टॉवर १९७३ चा, त्याला कमी झळ बसली. तो २१ डिसेंबर २००८ ला, महिनाही पुरा व्हायच्या आत, परत उघडला. जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० ला उघडली. जाड दगडी भिंती आगीत बराच तग धरतात. जळतं ते लाकूडकाम, सिलिंग, गालिचे, पडदे, आणि जे जळत नाही त्याचं नुकसान बंबाचं पाणी करतं. तेव्हा आज बाहेरून दिसतं ते जुनंच ताज. आतलं बरंच काही नवीन आहे, जुन्यासारखं केलेलं.

ताजमध्ये ३१ माणसं गेली, त्यात पाहुण्यांना वाचवायला थांबलेले कर्मचारी होते. त्यांची नावं हॉटेलात लावलेली आहेत, हे मला फार योग्य वाटतं. मेजर संदीप उन्नीकृष्णन यांचं नाव सगळ्यांना पाठ आहे आणि असायलाच हवं. पण राज्य राखीव पोलीस दलाचे राहुल शिंदेही ताजमध्येच धारातीर्थी पडले. सोलापूर जिल्ह्यातला पोरगा. आपल्यापैकी किती जणांना ते नाव पटकन आठवतं? त्याच रात्री सीएसएमटीवर पन्नासहून जास्त माणसं मारली गेली, बहुतेक गावी निघालेली साधी माणसं. स्टीव्हन्स यांचं स्टेशन आणि त्यांच्या हाताखालच्या वैद्यांचं हॉटेल, दोन्हींवर एकाच रात्री हल्ला झाला, हे माझ्या मनातून जात नाही.

काही गोष्टी न्यायाने सांगायला हव्यात. चेंबर्सचं श्रेय मी कमी करत नाही, दुसऱ्याचं अर्धं काम पुरं करणं सोपं नसतं. कायद्याने नकाशाची जबाबदारी सही करणाऱ्याची असते, तेव्हा साहेबांचं नाव कोनशिलेवर असण्यात काहीच गैर नव्हतं, शेजारी आणखी एक ओळ मावली असती एवढंच. आणि जमशेटजींना वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं, हा दुसरा प्रसिद्ध किस्साही इतिहासकारांना तितकासा मान्य नाही. १८९६ च्या प्लेगने मुंबईची पार रया गेली होती, शहराला पुन्हा उभं करायचं होतं, हे कारण मला जास्त पटतं.

सल्ला विचारलेला नाही, तरी देतो. तुम्ही आर्किटेक्ट, इंजिनियर, काँट्रॅक्टर कोणी असाल आणि हाताखाली माणसं असतील, तर आता सगळं कॉम्प्युटरवर, ऑटोकॅडमध्ये आहे, रकाना भरायला दोन सेकंद लागतात. भरा. आणि दाजी, ताई तुम्हाला हे वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. दिवाळीत नाशिकची मंडळी येतायत. गेटवेला जरूर न्या, पण या वेळी वळसा घालून मागच्या रस्त्याला तुम्ही स्वतः न्या आणि नाव सांगा: सीताराम खंडेराव वैद्य.